बारीचं पाणी

“एकदा पाणी सोडलं की थांबवायचं नाही,” खलील मिस्त्री म्हणाले. “काठाखालच्या टाइलच्या पट्टीला पाणी लागेपर्यंत पाइप चालू पाहिजे. मध्येच बंद पडला तर पाणी जिथं थांबेल तिथं रेघ उमटेल. ती मग घासून जात नाही की धुऊन जात नाही.”

“किती दिस राहती रेघ?” मी विचारलं.

“तलाव राहील तोवर.”

आमच्या घरामागं नव्या बांधलेल्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर आम्ही तिघं उभे होतो, मिस्त्री, आमचे हे आणि मी. गिलाव्यावर शेवटचा हात फिरवून मिस्त्री नुकतेच वर आले होते. पांढरं सिमेंट आणि संगमरवराची पूड. इतकं पांढरं काही आमच्या त्या तांबड्या मातीच्या डोंगरावर मी कधी बघितलं नव्हतं. बघून छाती भरून आली.

मी कुंकवाचा करंडा आणि नारळ घेऊन आले होते. नवं पाणी भरायचं म्हटल्यावर पूजा नको? मिस्त्रींनी करंडा बघितला आणि दोन्ही हात आडवे केले.

“वहिनी, कुंकू नाही, हळद नाही, फूल नाही आणि पाण्यात पैसा तर अजिबात टाकायचा नाही. गिलावा अजून कोवळा आहे. डाग बसला की बसला. माणूस, कुत्रं, मांजर, कुणी आत उतरायचं नाही. पाइपच्या तोंडाला फडकं बांधा, म्हणजे धार एका जागी लागणार नाही. भरला की मी येतो, औषधं टाकतो. मग रोज ब्रशनं घासायचा. पोहायचं त्याच्यानंतर.”

“आन् आज भरलाच न्हाई तर?” मी विचारलं.

“कोरडा ठेवला तर उन्हानं तडकेल. उद्या सकाळी पाणी सुरू झालंच पाहिजे.”

मी मग पाइपलाच कुंकू लावलं आणि नारळ बाहेरच्या दगडावर फोडला. मिस्त्रींनी खोबरं खाल्लं आणि दुसऱ्या कामावर निघून गेले. आम्ही दोघं त्या पांढऱ्या खड्ड्याकडं बघत राहिलो. दिवाळीला पुण्याची चार कुटुंबं यायची होती. ‘डोंगरात राहा, शेत बघा, पोहा’ असं ह्यांनी त्यांना फोनवर सांगून ठेवलं होतं. इकडं गावात मात्र “पार्ट्यांच्या अंकुशनं हौद बांधलाय, म्हशी धुवायला बरा” असं ह्यांच्याबद्दल चाललं होतं. हौदावर रेघ पडली असती तर ते हसू जन्मभर पुरलं असतं.

पाणी होतं, पण ते आमच्या एकट्याचं नव्हतं. तीच खरी अडचण होती.

आमच्या बोअरचं पाणी लालसर येतं. भांड्याला तांबडा थर धरतो, ते पाणी कोवळ्या गिलाव्याला लावायची सोय नाही. टँकर आमच्या चढाला येत नाही, खालच्या वळणावरच अडतो. राहिला डोंगरातला झरा. त्याच्याखाली सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, एक लहान टाकं बांधलं होतं. टाक्यातून दोन पाइप निघायचे, डावीकडचा आमच्याकडं, उजवीकडचा थोरल्या दिरांकडं, आणि दोन्हींच्या मध्ये एक कॉक. एक दिवस पाणी आमचं, एक दिवस दादांचं. ही झाली पाण्याची बारी. बारी घड्याळावर बदलत नसे. झऱ्यावरच्या काळ्या खडकावर सकाळचं ऊन पडलं की ती बदलली.

ज्याची बारी लागली त्यानंच येऊन कॉक फिरवायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. तो आलाच नाही, तर पाणी ज्याच्याकडं चालू आहे त्याच्याकडंच चालू राहणार, त्यावर कुणी काही बोलायचं नाही. एकदा दादा बाजारला गेले आणि परतायला उशीर झाला. आमच्या वाफ्यांतून पाणी वाटेवर आलं, चिखल झाला, तरी कुणी कॉकला शिवलं नाही. आबा जाऊन वर्षं झाली, पण ही रीत पाळण्यात दोघे भाऊ सारखेच कडक.

तेवढीच एक गोष्ट सारखी राहिली होती. बाकी दोघांचं बोलणं तीन वर्षं बंद होतं. ह्यांनी आमच्या वाटणीच्या वरच्या टप्प्यातली स्ट्रॉबेरी काढून पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, तो दिवस दादांच्या जिव्हारी लागला. “आबांनी पहारीनं फोडल्यालं रान,” ते भर अंगणात म्हणाले, “आन् तू तिथं परक्याला उताणं पोहायला लावणार?” ह्यांनीही काहीतरी उलट उत्तर दिलं. त्यानंतर दोन्ही घरांमधली पेरूची झाडं तेवढी एकमेकांच्या अंगणात वाकत राहिली.

हिशेब सरळ होता. झऱ्याच्या पाण्यानं तलाव भरायला दीड दिवस लागणार. आमची बारी एक दिवसाची. म्हणजे पाणी न थांबवता दादांच्या बारीत अर्धा दिवस शिरावं लागणार.

“तुम्ही दादांस्नी विचारा,” मी म्हणाले.

“मी?” हे म्हणाले आणि चपला शोधायला लागले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

मग मीच गेले. माझ्या पायाला तशीही भिंगरी आहे आणि गप्प बसणं मला जमत नाही, असं सासूबाई म्हणायच्या ते खरंच आहे. हौसाक्का, माझी थोरली जाऊ, परसात शेण्या रचत होती. पुरुषांचं बोलणं बंद झाल्यापासून आम्ही दोघी उघड बोलत नसू. चोरून मात्र मिठापासून बाळंतिणीच्या लाडवांपर्यंत सगळं इकडून तिकडं जायचं. मी तिला मिस्त्रींनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

“अर्धाच दिस, आक्का. सांजपत्तुर. दादांस्नी विचारशील?”

आक्का शेणी हातात धरून उभी राहिली. “आमची रोपं कालच लावून झाल्याती गं,” ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, “बघते. विचारते. तू जा.”

दुसऱ्या दिवशी खडकावर ऊन आलं तसा ह्यांनी कॉक फिरवला. पाइपला बांधलेलं फडकं फुगलं आणि तलावाच्या खोल बाजूला पाणी पसरायला लागलं. तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. कावळा काठावर बसला की धावायचं, कुत्रं आलं की धावायचं, पाइप हलला की धावायचं. दोनदा भात करपला. हे म्हणाले, “शालन, पाणी तुझ्याकडं बघून भरणार न्हाई, बस की जरा.” आणि स्वतः दर घटकेला उठून काठी धरून पाणी किती चढलं ते बघत होते.

त्या रात्री झोप आलीच नाही. सकाळी आम्ही दोघं अंगणात येऊन बसलो. तिथून झरा दिसतो. पाणी अर्ध्याच्या थोडं वर आलं होतं. खडकाच्या माथ्यावर ऊन आलं, खाली सरकलं, सगळा खडक उजळला.

वर कुणी आलं नाही.

आम्ही वाट बघितली. पाण्याचा आवाज तसाच चालू होता. ऊन टाक्यावर आलं. दादांच्या घराकडून वर जाणारी पायवाट रिकामीच होती.

“दादा आला न्हाई,” हे हळू म्हणाले. मग जरा मोठ्यानं, “शालन, दादा आला न्हाई. मुद्दाम आला न्हाई त्यो. पाणी दिलं त्यानं!”

त्यांचे डोळे भरले होते. तीन वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. ते उठले, अंगणात उगाच एक फेरी मारली, परत बसले. “पहिली उडी दादाची,” म्हणाले. “लहानपणी डोहात मला त्यानंच ढकललं हुतं. म्हणायचा, भितोस कशाला, मी हाय की. म्या त्याला उलट बोलाय नको हुतं गं.”

मलाही भरून आलं. बसवेना म्हणून शिरा करायला घेतला. वाटलं, आक्काला डबाभर गरम शिरा देऊ आणि तिच्या पाया पडू.

डबा पदराखाली धरून मी दादांच्या अंगणात शिरले. बाहेर कुणी नव्हतं. आतून दादांचा आवाज आला, “कोन हाय?” आवाज कण्हल्यासारखा होता. उंबऱ्यातून आत डोकावले तर दादा खाली घोंगडीवर पालथे पडलेले, कमरेवर फडक्यात गुंडाळलेली गरम वीट. आदल्या दिवसांत वाकून वाकून रोपं लावली होती, कंबरेत उसण भरली होती. कुशीवर वळणंही होत नव्हतं. माझं तोंड त्यांना दिसलं नाही. मी पाय न वाजवता मागं फिरले आणि घराच्या पाठीमागं रानात गेले.

आक्का रोपांच्या सरीत होती. डोक्यावर हंडा, हातात तांब्या. एकेका रोपाच्या बुडाशी तांब्यातून थोडं थोडं पाणी घालत पुढं सरकत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, चेहरा लालबुंद. तिच्या मागच्या दोन सऱ्या ओल्या होत्या. पुढं सगळं रान कोरडं पडलं होतं आणि त्यातली रोपं माना टाकून बसली होती. नवी लावलेली स्ट्रॉबेरी ऑक्टोबरच्या उन्हात एक दिवसही पाण्याशिवाय धरत नाही. मीही त्याच रानात सून म्हणून आले होते, मला ते कुणी सांगायला नको होतं.

“आक्का, ह्ये काय?”

ती दचकली. हंडा खाली ठेवून म्हणाली, “हळू बोल. आत ऐकू जाईल.”

“दादांस्नी विचारलंस न्हवं?”

तिनं तांब्या हंड्यात बुडवला.

“आक्का!”

“न्हाई विचारलं,” ती म्हणाली. “विचारलं असतं तर न्हाई म्हनलं असतं. एकदा न्हाई म्हनलं की मग मला काय करता आलं असतं? राती त्यांची कंबर धरली. सकाळी मला म्हनले, तू जा, कॉक फिरव. म्या निघाले. अर्ध्या वाटंवरनं तुमचा हौद दिसला. पांढरा, अर्धा भरल्याला. तशीच माघारी आले. म्हनलं, फिरवला.”

“आन् घरच्या टाकीतलं पाणी हंड्यानं आणतीस व्हय? समद्या रानाला?”

“घालते मी. सांजपत्तुर तर हाय. किती मरत्याल? थोडी मरत्याल.”

“कशापायी केलंस गं ह्ये?”

आक्कानं पदरानं तोंड पुसलं. “तू मागितलंस,” ती म्हणाली. “एवढ्या दिसांत मीठ सोडून तू काय मागितलं न्हवतंस.”

मी तिथं उभी राहिले. डब्यातल्या शिऱ्याचा चटका हाताला बसत होता. तिकडं आमच्या घरामागं हे काठी घेऊन पाणी मोजत असतील, पहिली उडी दादाची म्हणत असतील. गप्प बसले तर तलाव डागाशिवाय भरणार होता आणि ह्यांना आपल्या भावानं पाणी दिलं असंच जन्मभर वाटत राहणार होतं. फक्त गप्प बसायचं होतं. पुढच्या सरीत एका रोपाचं पान माझ्या डोळ्यांदेखत वाकून सरीवर अंथरलेल्या काळ्या कागदाला टेकलं.

डबा तिथंच बांधावर ठेवला आणि मी चढ चढायला लागले.

“शालन!” आक्का मागून ओरडली. आता तिला आवाजाचं भान राहिलं नव्हतं. “हात लावू नगंस! बारी आमची हाय!”

कॉक घट्ट बसलेला होता. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठं तो फिरला. डावीकडचा पाइप घुसमटल्यासारखा गुरगुरला आणि थांबला. थोड्या वेळानं खाली दादांच्या रानात पाणी फवारणारा एक तुषार खोकला, मग दुसरा, आणि मग सगळे एकदम गोल फिरायला लागले.

तलावाकडून ह्यांची आरोळी आली. “दादा! अर्ध्यात तोडलंस! द्यायचंच न्हवतं तर सकाळीच तोडायचं हुतं!” ते धापा टाकत वर धावत आले. हातात काठी तशीच. टाक्यापाशी पोहोचले आणि मला बघून जागीच थांबले.

“तू?”

मी सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, रडत सांगितलं एवढं आठवतं. हे खाली दगडावर बसले.

“म्हंजी दादानं दिलंच न्हवतं,” ते म्हणाले.

“न्हाई. त्यांस्नी ठाऊकच न्हाई.”

त्यांनी तलावाकडं बघितलं. मग त्यांची नजर खाली सरीत गेली. तिथं तुषारांच्या पाण्यात भिजत आक्का तशीच उभी होती, हंडा पायाशी. ह्यांनी काठी टाकली, खाली गेले आणि तो हंडा उचलला.

तेवढ्यात घरातून दादांचा आवाज आला. “हौसा! तुषार आत्ता सुरू झालं व्हय? सकाळधरनं काय चाललंय? कोन हाय भायेर?”

आता लपवायला काही उरलं नव्हतं. आम्ही तिघं घराकडं गेलो. हे उंबऱ्याच्या बाहेरच थांबले, हंडा खांद्यावर तसाच. दादांनी मान तेवढी वळवली. त्यांनी ह्यांना बघितलं आणि नजर माझ्यावर आणली.

“कॉक कुनी फिरवला?”

“म्या,” मी म्हणाले.

“माज्या बारीत?”

“व्हय.”

आक्कानं मग खाली मान घालून राहिलेलं सांगून टाकलं. मला वाटलं, आता दादा घर डोक्यावर घेतील. बाहेर तुषार फिरत होते, तेवढाच आवाज. मग त्यांनी मला विचारलं, “त्याला इचार, हौद किती भरलाय.”

ह्यांच्या आणि त्यांच्या मध्ये दोन हातांचंही अंतर नव्हतं. मी वळले. “दादा इचारत्यात, हौद किती भरलाय.”

“सांग त्यांस्नी, अर्ध्याच्या वर.”

“अर्ध्याच्या वर,” मी दादांना सांगितलं.

“त्याला इचार, वरचा गिलावा उघडाच हाय का?”

“उघडाच हाय का म्हनत्यात.”

“व्हय म्हन.”

“व्हय म्हनत्यात.”

“मग त्याला सांग, आजचं ऊन कडक हाय. कोवळा गिलावा हाय तर त्यो—” इथं त्यांना उसणीची कळ आली. डोळे मिटले, दात आवळले, आणि कळ जाताच ते एकदम ओरडले, “आरं अंकुश्या, उभा काय ऱ्हायलास मढ्यावानी! नर्सरीवरची हिरवी जाळी रिकामी पडलीया, ती सोड आन् टाक की हौदावर! तडकंल त्यो!”

हे हलले नाहीत. खांद्यावरच्या हंड्यातलं पाणी सांडून त्यांचा सदरा भिजत होता.

“ऐकाय येतंय न्हवं?”

“व्हय दादा,” हे म्हणाले. हंडा उंबऱ्यातच ठेवला आणि पळत गेले. आक्का भिंतीला टेकून खाली बसली आणि हुंदके द्यायला लागली. दादा तिच्यावरही ओरडले, “रडतीस काय, जा, जाळीचं दुसरं टोक कोन धरणार?”

दुसऱ्या दिवशी खडकावर ऊन आलं तेव्हा ह्यांनी कॉक फिरवला आणि सांजेच्या आधी पाणी टाइलला लागलं. आम्ही जाळी काढली. मिस्त्री म्हणाले होते तसंच झालं होतं. चारी भिंतींवरून, अर्ध्याच्या जरा वर, करड्या रंगाची एक रेघ फिरली होती. आज इतक्या वर्षांनीही ती तिथंच आहे. पाहुण्यांची पोरं बुडी मारून तिच्यावर बोट फिरवतात आणि मला विचारतात, मावशी, ही कसली?

पण त्या वेळी विचारलं ते खलील मिस्त्रींनी. तलाव भरल्याचं कळताच ते औषधं घेऊन आले. दादाही आले होते, कमरेला आक्काचं जुनं लुगडं आवळून, काठी टेकत, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून. तीन वर्षांत आमच्या अंगणात पहिल्यांदा. मिस्त्रींनी पाण्यात वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या हातचं काम होतं ते.

“एवढं सांगून गेलो होतो,” ते चिडून म्हणाले. “मध्येच पाणी कुणी बंद केलं?”

मी तोंड उघडलं. माझा स्वभावच तो. पण माझ्या आधी दादांची काठी फरशीवर आपटली.

“म्या,” ते म्हणाले. “बारी माजी हुती.”

मिस्त्रींनी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हे खाली बघत होते. मी पदर सावरला आणि कधी नव्हे ती गप्प बसले.